डब्यातील शेती आणि आपण

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत शिक्षण, धम्म, नोकरीतील संधी अशा विषयांवर जाणकारांचे लेख असतात. त्या पंगतीत मातीचे डबे घेऊन बसणे कोणाला जरा विचित्र वाटेल. परंतु आमचे निरीक्षण असे, की वालावलच्या आपल्या बहुतेक घरांत, मग ते घर वाडीतील असो की वरळी-नायगावच्या चाळीतील असो, एखाद्या गंजक्या डब्यात मिरचीचे नाही तर पानओव्याचे रोप असतेच. ते कधी तरारते, तर कधी नियमित पाणी घालूनही चार महिन्यांत मान टाकते. मग घरातील बाई म्हणते, "आमच्या हाताला गुण नाही." हाताच्या गुणाचा येथे काही संबंध नाही. कारणे साधी आहेत आणि शाळकरी मुलालाही समजतील अशी आहेत. ती सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच. आम्ही काही शेतकीचे पदवीधर नव्हे. कला शाखेत शिकून बँकेच्या टेबलावर बसलेला माणूस जेवढे वाचून, विचारून आणि करून शिकतो तेवढेच येथे मांडले आहे.

डब्यातच का लावायचे, असा प्रश्न गावाकडचे सधन लोक विचारतात. त्याचे उत्तर आपल्याला शोधावे लागत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या आज्या-पणज्यांचा जन्म भात लावण्यात गेला, पण ज्या मळ्यात लावला तो मळा दुसऱ्याचा. सातबाऱ्यावर नाव नाही, घर उभे आहे तेवढीच जागा आपली, आणि तीही बहुधा जांभ्याच्या कातळावर. पहारीने खणले तरी वीतभर खड्डा पडत नाही, तेथे परडे कुठले करणार? पुढे मुंबईला आलो तर तेथे माती दिसायचीच बंद झाली. मुंबई विकास विभागाने १९२० च्या दशकात बांधलेल्या बी. डी. डी. चाळी सर्वांना ठाऊक आहेत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. त्यांतील एक खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे दहा बाय सोळा. मधून लांब बोळ आणि दोन्ही अंगांना खोल्या. गॅलरी असा प्रकारच नाही. झाडाला जागा उरते ती खिडकीच्या ग्रीलमध्ये. या ग्रीलमध्ये गोडेतेलाचा रिकामा डबा, फुटकी बादली, डालड्याचा डबा ठेवून ज्यांनी मिरच्या पिकवल्या, त्यांनी कोणाच्या सातबाऱ्याची वाट पाहिली नाही.

आता मुख्य मुद्दा. डबा म्हणजे लहान शेत, अशी आपली समजूत असते आणि घोटाळा तेथेच होतो. शेतातील रोपाला काही कमी पडले तर त्याची मुळे खाली जातात, बाजूला जातात. जास्त झालेले पाणी जमीन खोल ओढून घेते. गांडुळे माती भुसभुशीत ठेवतात. डब्यातील रोप मात्र कोठडीत असते. पाणी, हवा आणि अन्न या तिन्ही गोष्टी आपण देऊ तेवढ्याच. त्यांतील पाणी आणि अन्न आपल्या लक्षात राहते, हवा राहत नाही. आमच्या वाडीतील एक काकी, शाळेचे तोंडही न पाहिलेली, एवढेच म्हणायची, "डब्यात पाणी पुरता, वारो पुरना नाय." पुढे पुस्तकांत वाचले तेही हेच. मुळे श्वास घेतात. मातीच्या कणांमधील फटींत हवा असते, ती त्यांना लागते. या फटी पाण्याने भरून राहिल्या की मुळे गुदमरून कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून भर पाण्यात उभे असलेले रोप तहानल्यासारखे सुकते. आपल्याला वाटते पाणी कमी पडले, आणि आपण आणखी एक तांब्या ओततो.

विद्यार्थी मित्रांनी एक प्रयोग करून पाहावा. भांडी घासण्याचा लांबट, चौकोनी स्पंज घ्यावा, तो पाण्यात पूर्ण भिजवावा आणि न पिळता आडवा धरावा. पाणी ठिबकेल आणि थोड्या वेळाने थांबेल. आता तोच स्पंज उभा करावा. पुन्हा पाणी ठिबकू लागेल! स्पंज तोच, पाणी तेच, मग हे कसे? उत्तर असे, की स्पंज असो वा माती, तिच्या तळाशी ठरावीक उंचीचा एक थर नेहमी पाण्याने भरलेला राहतो. ते पाणी भोके कितीही पाडली तरी आपोआप खाली गळत नाही. उभ्या स्पंजात हा थर एकूण उंचीच्या मानाने थोडा, आडव्यात तो जवळजवळ सगळाच. म्हणून पसरट, उथळ भांड्यातील माती फार काळ ओली राहते आणि खोल डब्यात वरच्या मुळांना हवा मिळते. यातून दुसरी गोष्टही निघते. तळाशी विटांचे तुकडे आणि खडी यांचा जाड थर घातला म्हणजे पाण्याचा निचरा चांगला होतो, असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. प्रत्यक्षात तो ओला थर खडीच्या वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी आडवी ठेवली की पुरे. भोके मात्र चार-पाच हवीत, आणि डबा जमिनीला चिकटून न ठेवता दोन पट्ट्यांवर उचलून ठेवावा.

मातीबद्दलही असेच. गावाहून पिशवी भरून आणलेली तांबडी माती नुसती डब्यात भरली तर दोन महिन्यांत ती विटेसारखी बसते. शेतात जी माती उत्तम, ती डब्यात उत्तम असेलच असे नाही. आमचे प्रमाण ढोबळ आहे : एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट, आणि एक भाग नारळाच्या सोडणाचा भुसा. हा भुसा शहरात कोकोपीट या नावाने विटेच्या आकारात विकत मिळतो. आपल्या मुलखातील वस्तू आपण शहरात पैसे मोजून घ्यायची, याची गंमत वाटते. असो. भुसा वजनाला हलका, स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरणारा आणि तरीही आत हवा खेळू देणारा असतो. एक खबरदारी मात्र घ्यावी. किनारपट्टीवर खाडीच्या पाण्यात सोडणे कुजत घालून काथ्या काढण्याची रीत आहे. अशा सोडणाच्या भुशात मीठ राहते. तो गोड्या पाण्यातून दोन-तीनदा धुऊन घेतल्याशिवाय वापरू नये. आपली जांभ्याची माती आंबट गुणाची असते, म्हणून चुलीची राख मिळत असेल तर डब्यामागे मूठभर मिसळावी. मुठीपेक्षा जास्त नको.

भांडे कोणते घ्यावे, यावर फार चर्चा करण्याचे कारण नाही. मिळेल ते घ्यावे, फक्त खोली पाहावी. मेथी, माठ, कोथिंबीर यांना वीतभर खोली चालते. मिरचीला दहा-बारा लिटरची बादली, टोमॅटो-वांग्याला पंधरा-वीस लिटरचा डबा लागतो. कढीपत्ता त्यात दोन-तीन वर्षे सुखाने राहतो. लिंबाच्या कलमाला अर्धा ड्रम हवा. कीटकनाशकाचे किंवा रसायनाचे डबे कितीही धुतले तरी भाजीसाठी वापरू नयेत. आम्हाला स्वतःला सर्वांत आवडलेले भांडे म्हणजे मासळी बाजारात टाकून दिलेले थर्माकोलचे खोके. ते हलके, खोल आणि उन्हात न तापणारे असते. पत्र्याचा डबा मे महिन्यात इतका तापतो की कडेची मुळे भाजतात. थर्माकोलमध्ये ती थंड राहतात. बर्फाच्या पाण्याचा आणि मिठाचा अंश जाईपर्यंत खोके धुवायचे, तळाला भोके पाडायची, की झाले. ज्या खोक्यातून बांगडे आले त्यात तांबडी भाजी उगवते.

उन्हाचा प्रश्न मात्र पैशाने किंवा कष्टाने सुटत नाही, तो खिडकीच्या दिशेवर अवलंबून असतो. पालेभाजीला रोज तीन-चार तास ऊन पुरते. मिरची, टोमॅटो, वांगी अशा फळ धरणाऱ्या झाडांना सहा तास तरी लागते. ते नसेल तर झाड उंच वाढते, हिरवेगार दिसते आणि एक फूल धरत नाही. आता सूर्याचे गणित पाहा. मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून ४७-४८ अंशांवर. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतवर येते. मेच्या मध्यास तो बरोबर डोक्यावर येतो, तेथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, आणि तेव्हा दक्षिणेच्या खिडकीला दुपारचे ऊन जवळजवळ लागत नाही. म्हणून दक्षिण खिडकीवाल्यांनी आपला हंगाम दिवाळी ते होळी धरावा. हवाही तेव्हा भाजीला मानवते. पूर्व-पश्चिम खिडकीवाल्यांना अर्धा दिवस वर्षभर मिळतो, तो पुष्कळ आहे. उत्तर खिडकीवाल्यांनी मिरचीचा हट्ट सोडून अळू, पुदिना, पानओवा, गवती चहा यांच्यावर समाधान मानावे. एका सुट्टीच्या दिवशी दर तासाला खिडकीच्या चौकटीवर खडूने उन्हाची रेघ मारली की आपल्या वाट्याला किती ऊन येते ते कळते. समोर नवीन टॉवर उभा राहिला असेल तर हे मोजमाप पुन्हा करावे लागते, हे मुंबईकरांना सांगायला नको.

पाणी रोज ठरलेल्या वेळी घालण्यापेक्षा बोट खुपसून पाहून घालावे. दुसऱ्या पेरापर्यंत माती कोरडी लागली तर घालावे, ओली लागली तर थांबावे. घालताना तळातून थोडे बाहेर येईपर्यंत घालावे, म्हणजे खालच्या मुळांपर्यंत पोचते. वरवर शिंपडण्याने फक्त आपले समाधान होते. चाळीत पाणी वेळेवर आणि मोजके येते, त्यामुळे झाडाला वेगळे पाणी कुठून, असा प्रश्न पडतो. तांदळाचे धुवण, डाळ-भाजी धुतलेले पाणी हे झाडाचेच पाणी आहे. मासळी धुतलेले पाणी कढीपत्त्याला आणि मिरचीला घालण्याची आपल्या बायकांची जुनी रीत आहे. मीठ लावण्यापूर्वीचे पाणी असेल तर ती उत्तमच. मांजरांचा बंदोबस्त मात्र ज्याचा त्याने करावा.

आता अन्न. आमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर डब्यातील खत म्हणजे व्याज नसलेले खाते. प्रत्येक पाण्याबरोबर त्यातील थोडे तळाच्या भोकातून निघून जाते, आणि पावसाळ्यात तर खाते रिकामेच होते. सिंधुदुर्गात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पाण्याखाली उघड्यावर ठेवलेल्या डब्यात सप्टेंबरअखेर नुसती धुतलेली माती उरते. म्हणून सुरुवातीस भरपूर खत घालून निश्चिंत राहण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी मूठभर घालावे. हे खत घरात तयार होते. भाजीची देठे, साली, चहाचा चोथा एका भोकांच्या बादलीत टाकावा आणि प्रत्येक थरावर तितकाच सुका पाला किंवा भुसा पसरावा. सुक्याचे प्रमाण कमी पडले तरच वास येतो. शिजवलेले अन्न त्यात टाकू नये, उंदीर येतात. दीड-दोन महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत हाती येते.

हे मोठ्या प्रमाणावरही होते याची उदाहरणे मुंबईतच आहेत. बांद्र्याचे डॉ. रमेश दोशी यांनी गच्चीवर ड्रम आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत उसाचे चिपाड भरून त्यावर भाज्या-फळे पिकवली. त्यांत माती नावापुरतीच होती. रसवंतीवाला चिपाड टाकूनच देतो, ते कुजून खत होते आणि वजनही होत नाही. त्याच वाटेने प्रीती पाटील यांनी २००२ साली मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर, तेथील स्वयंपाकघराच्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. त्याआधी कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून घरातील सामान्य माणूसही शेतीचा प्रयोग करू शकतो, हा विचार महाराष्ट्रभर पेरला होता.

आपल्या जिल्ह्याकडे पाहिले तर येथील साऱ्या फळबागांचे बाळपण पिशवीतच गेले आहे. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र १९५७ पासूनचे. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ चे. पुढे १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि आंबा-काजूची कलमे डोंगरोडोंगरी गेली. ती सारी रोपवाटिकेत काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत वाढलेली. त्यातूनही शिकण्यासारखे आहे. कलम पिशवीत मुदतीपेक्षा जास्त राहिले तर मुळे आतल्या आत गोल गोल फिरतात. असे कलम नंतर मोकळ्या जमिनीत लावले तरी ती मुळे वेटोळ्यातून सुटत नाहीत. आपल्या डब्यातही हेच होते. म्हणून दोन वर्षांनी झाड गड्ड्यासह उपसावे, कडेची गुंतलेली मुळे धारदार सुरीने छाटावी आणि नवी माती भरून पुन्हा लावावे. हे काम पावसाच्या तोंडावर करावे.

येथे पिंपळाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण बोधिवृक्षाचे रोप घरी असावे अशी अनेकांची इच्छा असते. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधिवृक्षाची फांदी सोन्याच्या पात्रात लावून श्रीलंकेला नेली, असे महावंस सांगतो. अनुराधापूरचा वृक्ष तोच. म्हणजे आपल्या परंपरेतील सर्वांत थोर वृक्षाने समुद्रप्रवास केला तो एका कुंडीतूनच! पण तो पुढे जमिनीत लावला गेला, हे विसरू नये. पिंपळ कुंडीत जगतो, मुळे छाटत राहिल्यास पुष्कळ वर्षे जगतो. मात्र दुर्लक्ष झाले की तळाच्या भोकातून मूळ बाहेर काढून भिंतीच्या भेगेत शिरतो, आणि मग इमारतीचे काय होते ते जुन्या चाळींच्या भिंतींवर दिसतेच. म्हणून रोप मोठे झाले की ते विहाराच्या मोकळ्या आवारात, बांधकामापासून लांब, लावावे असे आमचे मत आहे.

दोन गोष्टी मात्र जिवाशी संबंधित आहेत. पहिली वजनाची. तेलाच्या डब्यात सुमारे सोळा लिटर माती मावते. ती भिजली की पंचवीस किलोपर्यंत भरते. असे चार डबे म्हणजे सिमेंटच्या दोन गोणी. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने आतून गंजलेले ग्रील हे ओझे किती दिवस पेलेल? खाली मुले खेळत असतात. भुशाचे प्रमाण वाढवले तर वजन बरेच उतरते, पण डबा तारेने बांधलेला हवा आणि कठड्यावर मोकळा एकही नको. दुसरी गोष्ट डासांची. डेंग्यूचा एडिस डास घरातील स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. कुंडीखालची ताटली आणि मनीप्लँटची बाटली या त्याच्या आवडत्या जागा. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा ताटली नुसती ओतून नव्हे, तर घासून कोरडी करावी. अंडी कडेला चिकटून राहतात आणि सुकी असतानाही महिनोन्‌महिने टिकतात. महापालिकेचा माणूस तपासायला आला तर त्याच्याशी वाद घालू नये. तो बरोबर असतो.

आता चाळी जाऊन टॉवर येत आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बी. डी. डी. चाळीतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंदाचीच गोष्ट आहे. नव्या घराला जुना गंजका डबा शोभत नाही, म्हणून पुष्कळांनी तो खालीच ठेवून जायचे ठरवले असेल. डबा ठेवावा, झाड नेऊ नये असे मात्र नाही. मिरचीचे रोप भुसा भरलेल्या पिशवीतही तितकेच जोमाने वाढते. वरच्या मजल्यावर ऊन भरपूर असते. वारा मात्र इतका जोराचा, की माती दुप्पट वेगाने सुकते आणि उंच झाडे मोडतात. तेथे बुटकी, दाट वाढणारी रोपे घ्यावीत. पाणी खालच्या मजल्यावर गळू देऊ नये. शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरून सुरू झालेली भांडणे आम्ही चाळीत पुष्कळ पाहिली आहेत, ती चाळिसाव्या मजल्यावर नेण्याचे कारण नाही.

गावातील बंधू-भगिनींनीही हे केवळ मुंबईकरांचे खूळ समजू नये. परड्यात लावलेली भाजी माकडे ठेवत नाहीत, ही तक्रार आता घरोघर आहे. पडवीच्या कडेला, माणसांच्या वावरात ठेवलेले चार-पाच डबे त्यातल्या त्यात सुरक्षित राहतात, रात्री आतही ओढता येतात.

राहिले बियाणे. शहरातील दुकानात रंगीत पाकिटे मिळतात, ती चांगलीही असतात. पण तांबड्या भाजीचे, गावठी मिरचीचे बी आपल्या वाडीतील म्हाताऱ्या बायका राखेत घोळून, बाटलीत बूच मारून चुलीच्या वर ठेवतात. राखेने कीड लागत नाही आणि धुराच्या जागेत दमटपणा पोचत नाही. मे महिन्यात गावी याल तेव्हा ते मागून घ्यावे. चिमूटभर पुरते. तांबडी भाजी बारीक मातीत मिसळून पेरावी, वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. चार-पाच दिवसांत कोंब दिसतात, आणि साधारण महिन्याभराने पहिली कापणी होते. मुळासकट उपटू नये. चार बोटे ठेवून वरून खुडली तर पुन्हा फुटते. शेवटी दोन धाटे बियांसाठी राखून ठेवावीत, आणि जमल्यास त्यातले थोडे बी पुढच्या मेमध्ये त्याच बाईला परत नेऊन द्यावे.